आजीच्या वर्षश्राद्धाला काय बोलावे?

पत्र (संक्षेपाने) : माझी आजी गेल्या पौषात गेली. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात आणि आसपासच्या तीन-चार गावांत तिने अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. १९९४ मध्ये ती निवृत्त झाली. सारे गाव तिला ‘बाई’ म्हणे आणि घरात आम्ही नातवंडेही बाईच म्हणत होतो. आता वर्षश्राद्ध आहे. पंगत बसण्यापूर्वी घरातर्फे कोणीतरी दहा मिनिटे बोलावे असे ठरले, आणि मी नागपूरला बँकेत नोकरी करते, ‘लिहिते-वाचते’, म्हणून ते काम माझ्याकडे आले. काकांनी मसुदा पाठवला आहे. त्यात ‘त्यागमूर्ती’, ‘ज्ञानदानाचा अखंड यज्ञ’, ‘आमच्या गावच्या सावित्रीबाई’ असे शब्द आहेत. कारंज्याची आत्या म्हणते, “ती गावाची बाई झाली, माझी माय कधी झालीच नाही. हे सांगणार असशील तर मी येते.” आत्या आजोळी वाढली. बाईंचा मार खाल्लेली माणसेही समोर बसणार आहेत. मला स्वतःला तिची शेवटची पंचवीस वर्षेच माहीत आहेत. वयसुद्धा नक्की नाही; कागदावर अठ्ठ्याऐंशी, घरच्या हिशेबाने नव्वद. मी काय बोलू?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून प्रथम माझी स्वतःची फजिती आठवली, ती सांगतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या तेरवीला मी बोलायला उभा राहिलो आणि ‘दीपस्तंभ’, ‘चंदनाप्रमाणे झिजले’ अशी शब्दांची रास घालू लागलो, तेव्हा पुढच्याच सतरंजीवर बसलेल्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याने, मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने, शेजाऱ्याला विचारले, “हे कोनाबद्दल बोलू रायले?” मंडपात थोडे हसू झाले आणि मी घाईने आटोपते घेतले. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. सायकलवरून उतरताना दरवेळी चार पावले सायकलीबरोबर पळावे लागणारे, हजेरीपटावरचा ‘ग’ कायम तिरका काढणारे माझे वडील त्या भाषणात कोठेच नव्हते.

म्हणून काकांच्या मसुद्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो निमंत्रणपत्रिकेवर छापू द्यावा. तेथे तो शोभेल, काकांचा मानही राहील आणि त्यावरून घरात भांडण होणार नाही. बोलताना मात्र त्यातला एकही शब्द घेऊ नये, आणि सावित्रीबाईंची उपमा तर नकोच. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला घेतले, तेव्हा शिकवणारी बाई ही कल्पनाच लोकांना सोसत नव्हती. तुमच्या आजीचे काम वेगळ्या काळातले, वेगळ्या अडचणींचे होते, आणि त्या अडचणी काय होत्या हेच तर आपल्याला सांगायचे आहे. शिवाय ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाईंची जयंती, त्याच सुमाराला येत असल्यामुळे, आदल्या-मागल्या आठवड्यात गावाने ती उपमा दोन-तीनदा ऐकलेली असेल.

आता सुरुवात कोठून करावी. तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, एक प्रसंग लिहिला आहे, आणि माझ्या मते तुमचे भाषण तेथेच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी गावातली एक म्हातारी तुमच्या ओसरीवर येऊन बाईंशी भांडली होती. श्रावणबाळ योजनेचा पगार मिळायला वय पासष्ट पूर्ण असावे लागते, वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला काढला, तर त्यात जन्मतारीख १ जुलै १९५३ निघाली आणि तिच्या बरोबरीच्या बायकांना पगार सुरू होऊन दोन वर्षे झाली तरी तिचा अर्ज मात्र परत येत राहिला. “बाई, तुमी मले दोन वर्सं लहान काहून लिवलं?” असे तिने विचारले. त्यावर बाई तांदूळ निवडता निवडता, वर न पाहता म्हणाल्या, “तुहा हात कानाले जेमतेम टेकत होता. मी काय करू?” मग दोघींनी चहा घेतला.

तुमच्या पिढीला हे उत्तर कळणार नाही, म्हणून मंडपात ते थोडे उलगडून सांगावे लागेल. त्या काळी जन्माची नोंद सहसा कोणाकडे नसे. पोर शाळेत आणून उभे केले की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात कानाला लागला तर पोर सहा वर्षांचे झाले असे धरत आणि त्या हिशेबाने साल टाकून जून-जुलैतली एखादी सोपी तारीख लिहून देत. विदर्भातल्या जुन्या शाळांच्या दप्तरात १ जुलै या दिवशी जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर त्या दिवशी गावोगावी सुईणीला उसंतच मिळाली नसावी असे वाटते. उपासमारीने खुरटलेली आठ वर्षांची मुलगी अशा रीतीने सहा वर्षांची झाली, आणि तिचे लग्न कायद्याच्या वयात बसले की नाही येथपासून म्हातारपणीचा पगार कधी सुरू होईल येथपर्यंत सारे त्या एका अंदाजावर ठरले. अडतीस वर्षांत बाईंनी असे शेकडो अंदाज केले असणार. त्यांच्या हातात केवढे काम होते हे यावरून जितके कळते तितके ‘ज्ञानदान’ या शब्दावरून कळत नाही.

आणि गंमत अशी की बाईंचे स्वतःचे वयही असेच कोणीतरी ठरवलेले असणार. तुम्ही कळवता की त्यांची कागदावरची तारीख १ जुलै १९३६ आहे आणि घरात मात्र त्या पोळ्याच्या करीला जन्मल्याचे सांगत. पोळ्याची कर श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येते, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. नोकरीची मुदत कागदाने मोजली. अठ्ठावन्न पुरी होताच ३० जून १९९४ ला त्यांना घरी बसवले. घरचा हिशेब बरोबर असेल तर त्या तेव्हा साठीच्या होत्या, म्हणजे कोणा अनोळखी गुरुजींच्या अंदाजाने त्यांना दोन वर्षांची नोकरी जास्त मिळाली, आणि बाईंच्या अंदाजाने त्या म्हातारीचा दोन वर्षांचा पगार गेला. वयाचा वाद सोडवत बसू नका. दोन्ही आकडे सांगा आणि फरक का पडला तेही सांगा. मंडपातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या घरी हा फरक आहे.

आता तुमची खरी अडचण अशी की तुम्हाला शेवटची पंचवीस वर्षेच माहीत आहेत. ती पंचवीस वर्षे तुमची आहेत, त्यांबद्दल तुम्ही अधिकाराने बोलू शकता. आधीची पासष्ट मात्र दुसऱ्यांकडून मागून आणावी लागतील, आणि हातात अजून महिनाभर आहे.

सर्वप्रथम शाळेत जा. मुख्याध्यापकांना साधा अर्ज देऊन दाखल-खारीज रजिस्टर त्यांच्यासमोर बसून पाहू द्यावे अशी विनंती करा. हे रजिस्टर कायमचे जपून ठेवायचे दप्तर असते, त्यामुळे १९५६ नंतरच्या वह्या बहुधा सापडतील, कडा कसरीने खाल्लेल्या का होईनात. बाईंचे अक्षर तुम्ही ओळखता. ते कोठे सुरू होते, कोठे थांबते आणि दुसऱ्याचे सुरू होते, ते पाहा. तेथे त्यांची बदली झाली. पहिलीत मुलींची नावे कोणत्या साली किती आहेत ती मोजा, आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना तर एकेक ओळ थांबून वाचा. एक सावधगिरी बाळगा. त्या रजिस्टरात नावापुढे जात लिहिलेली असते, आणि आज त्या नोंदींवर लोकांची जात-पडताळणीची प्रकरणे उभी असतात. तेव्हा फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि कोणाची नोंद मंडपात वाचून दाखवू नका. आकडे सांगा, नावे नकोत.

दुसरे म्हणजे सेवापुस्तिका. तिची एखादी प्रत घरच्या ट्रंकेत पेन्शनच्या कागदांबरोबर असेल तर उत्तम, नसेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. तिच्या पहिल्या पानांवर तुम्हाला एक नवल दिसेल. बाई १९५६ च्या उन्हाळ्यानंतर नोकरीला लागल्या असतील, तर त्या दिवशी तुमचे गाव मध्यप्रदेशात होते, ज्याची राजधानी नागपूर होती, आणि शाळा होती जनपद सभेची, म्हणजे त्या वेळच्या तालुक्याच्या स्थानिक संस्थेची. जुनी माणसे अजूनही ‘जनपदची शाळा’ म्हणतात ती हीच. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. म्हणजे सहा वर्षांच्या आत, त्याच गळक्या छपराखाली आणि त्याच फळ्यापुढे उभ्या राहून, बाईंनी तीन राज्यांची चाकरी केली आणि त्यांचा पगार काढणारी कचेरीही बदलली. हे दोन वाक्यांत सांगितले तरी त्यांचे आयुष्य केवढे लांब होते ते ऐकणाऱ्याच्या लक्षात येईल.

तिसरे, आणि सर्वांत मोलाचे, त्यांचे विद्यार्थी. हे सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. दिवसा गावात कोणी भेटणार नाही, म्हणून संध्याकाळी, दिवाबत्तीनंतर जा. “बाई कशा होत्या?” असे विचारू नका. या प्रश्नाला विदर्भात एकच उत्तर आहे, “लय चांगल्या होत्या”, आणि ते मिळाले की बोलणे संपते. त्याऐवजी त्या कोणत्या वाटेने येत, पावसाळ्यात नाला भरला की काय करत, डब्यात काय असे, सकाळची शाळा असताना उन्हाआधी घरी कशा पोचत, खुर्चीवर बसत की वर्गात फिरत, कोणत्या चुकीसाठी हात पुढे करायला लावत, असे विचारा. १९७६ साली कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’, म्हणजे नसबंदीसाठी माणसे, आणण्यासाठी शिक्षकांच्या मागे तगादा लागला होता, तेव्हा बाईंनी काय केले? १९७७-७८ च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या चोपन्न दिवसांच्या संपात त्या होत्या का, आणि त्या दोन महिन्यांत घर कशावर चालले? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे कदाचित गौरवाची नसतील. तरी विचारा. मंडपात सांगायची की नाहीत ते नंतर ठरवता येईल, पण विचारायला पुढच्या वर्षी माणसे असतीलच असे नाही. आणि मोबाइल लगेच समोर धरू नका. आधी ऐका, चहा घ्या, मग दुसऱ्या फेरीत परवानगी घेऊन आवाज टिपा.

माराबद्दल. तुम्ही लिहिता की निरगुडीची शिमटी खिडकीच्या गजात अडकवलेली असे. मग ती सांगावी. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली, तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. बाईंच्या नोकरीच्या काळात शिमटी सर्रास चाले आणि आईबापच “हाडं आमची, मास तुमचं” म्हणून पोर सोपवून जात. हे सांगताना दोन मोह टाळा. एक म्हणजे हशा पिकवण्याचा, कारण मार खाऊन पुढे तहसीलदार झालेला माणूस हसतो, पण मार खाऊन शाळा सोडलेला माणूसही त्याच पंगतीत असतो आणि तो हसत नाही. दुसरा, “त्या मारामुळेच आम्ही घडलो” हे वाक्य. ते म्हणायचे तर मार खाल्लेल्याने म्हणावे. नातीने म्हणू नये. “बाई मारत असत, आणि ज्यांना त्याचा राग आहे त्यांचा तो राग मला समजतो,” एवढे एक वाक्य पुरे आहे, आणि ते उभ्याने, नजर वर करून म्हणा.

आता आत्या. तुमच्या पत्रातले हे सर्वांत अवघड पान आहे, आणि काकांनी ते वगळावे असे सुचवल्याचे मला आश्चर्य वाटत नाही. आत्या तीन वर्षांची असल्यापासून कारंज्याला आजोळी होती, बाईंना नोकरीच्या गावी एका घराच्या माडीवर खोली मिळाली होती, आणि शनिवारी सकाळची शाळा आटोपली की त्या दोन कोस चालून दारव्ह्याला येत आणि शकुंतलेत बसून कारंज्याला जात. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची ती अरुंद रुळांची संथ गाडी, जिच्याबद्दल आमच्याकडे म्हणत की वाटेत उतरून बोरे वेचून पुन्हा चढता येते. आत्याची आठवण तुम्ही एका ओळीत दिली आहे. रविवारी न्हाणे, डोक्याला तेल, घट्ट वेणी, आणि संध्याकाळी वेणी तशीच राही पण माय गेलेली असे. सोमवारी वेणी सोडायला ती आजोळच्या आजीला हात लावू देत नसे.

या दुःखावर मंडपात मलम लावायला जाऊ नका. “पण बाईंनी हे सारे कुटुंबासाठीच केले” असे तुम्ही म्हणालात तर ते खोटे नाही, कारण त्या पगारावरच तुमच्या आजोबांचे कर्ज फिटले असे तुम्हीच लिहिले आहे. परंतु आत्याला ते साठ वर्षांपासून ठाऊक आहे आणि त्याने तिचा रविवार मोठा झालेला नाही. गावातल्या चाळीस पोरांना आठवड्याचे सहा दिवस जी बाई मिळाली, तीच बाई एका पोरीला एक दिवस मिळाली. हिशेब इतकाच आहे, आणि तो जुळवण्याचे काम तुमच्याकडे कोणी दिलेले नाही.

तसेच, ते तुम्ही सांगूही नये. तुम्ही ते पाहिलेले नाही. आत्याचे सांगणे आत्याने सांगावे. म्हणून फोनवर न बोलता एक दिवस कारंज्याला जाऊन या. तिला म्हणा की माझ्या दहा मिनिटांतली तीन तुझी; तू माइकवर बोल, किंवा लिहून दे आणि मी तुझ्या नावाने तुझ्याच शब्दांत वाचते, किंवा नुसती येऊन पुढे बस. तिने “माझी माय कधी झालीच नाही” हे वाक्य बोलायचे ठरवले तर बोलू द्या. काकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते ऐनवेळी माइक घेणार नाहीत. माझा अनुभव असा की ज्याला बोलायची मोकळीक मिळते तो बहुतेकदा ठरवल्यापेक्षा कमी बोलतो, पण तसे होईल या हिशेबाने मोकळीक देऊ नका. आणि ती आलीच नाही, तर तिची रिकामी जागा भरण्यासाठी “आत्या तब्येतीमुळे येऊ शकल्या नाहीत” असे खोटे सांगू नका. काहीच सांगू नका.

उरलेली सात मिनिटे तुमची. सात मिनिटे म्हणजे सावकाश वाचले तर फुलस्केपची दोन पाने, जास्त नाही. पंगतीचा भात वाफेवर असताना लोक त्याहून अधिक ऐकत नाहीत आणि त्यांनी ऐकूही नये. ओसरीवरच्या त्या भांडणाने सुरू करा. कानाला टेकणारा हात, दोन वये, तीन राज्ये, मग विद्यार्थ्यांकडून मिळालेल्यांपैकी फार तर दोन गोष्टी, शिमटीचे ते एक वाक्य, आणि शेवटी तुम्ही स्वतः पाहिलेले. तुम्ही पाहिलेल्यांपैकी मला एक फार आवडले, ते घ्यावे असे सुचवतो. निवृत्तीनंतर तीस वर्षे बाई दुधाच्या हिशेबाचे कार्ड लाल पेनाने तपासत, गवळ्याची बेरीज बरोबर असली तरी खाली बरोबरची खूण करून सही करत, आणि शेवटच्या दोन वर्षांत आकडे दिसेनासे झाले तेव्हा तो गवळीच आकडे मोठ्याने वाचून मग सहीसाठी कार्ड पुढे धरी. त्याला आधी विचारून घ्या, तोही पंगतीला असेल.

कविता नको. श्लोकही नको. गावात सामुदायिक प्रार्थनेचा रिवाज असेल तर बोलणे संपवून सरळ प्रार्थनेला सुरुवात होऊ द्या, म्हणजे टाळ्या वाजवाव्यात की नाही या संकटातून लोक सुटतील.

फ्लेक्सबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. फोटो ओळखपत्राचा न घेता घरचा घ्यावा, चष्मा असलेला. नाव सेवापुस्तिकेत आहे तसे पूर्ण, आणि त्याखाली त्याच आकाराच्या अक्षरात ‘बाई’. जन्मतारखेपुढे कंसात ‘शाळेच्या दाखल्याप्रमाणे’ असे जरूर लिहा. फ्लेक्स छापणारी मुले जागा पुरत नाही म्हणून कंस काढून टाकतात, तेव्हा प्रूफ काकांवर न सोपवता तुम्ही स्वतः पाहा.